केसपेपर फुकट झाला, तरी वरचा पाडा दवाखान्यात का येत नाही?

डोंगराळ तालुक्यातल्या एका ग्रामपंचायत सदस्यानं विचारलंय: १५ ऑगस्ट २०२३ पासून आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात केसपेपरचे पैसे घेत नाहीत, तपासणी आणि औषधंही मोफत आहेत. केंद्रात गर्दी वाढली, पण त्या गर्दीत दिसतात ते बाजारगावचे आणि रस्त्यालगतचे लोक. वरच्या पाड्यांवरून येणारे होते तेवढेच आहेत. गावातले काही जाणते म्हणतात की फुकट केल्यामुळे सर्दी-खोकल्याची गर्दी झाली आणि खरा आजारी मागे राहिला, तेव्हा दहा रुपये पुन्हा लावा. हे बरोबर आहे का? नसेल तर पंचायतीनं काय करायचं?

मी वैद्यकीय अधिकारी म्हणून चोवीस वर्षं सरकारी नोकरी केली. त्यातली अकरा नंदुरबार जिल्ह्यात, सातपुड्यात गेली आणि बाकीची सपाटीवर, महामार्गालगतच्या केंद्रांत. तुम्ही सांगताय ते मी दोन्ही बाजूंनी पाहिलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

फी परत लावण्याबद्दल आधी, कारण ते थोडक्यात आटोपतं. लावू नका. फी लावली की विनाकारण येणारे घरी थांबतात आणि खरे आजारी तेवढे येतात, असं होत नाही. दोन्ही कमी होतात. अमेरिकेत १९७० च्या दशकात रँड संस्थेनं यावर मोठा प्रयोग केला होता. उपचाराचा काही खर्च स्वतः करावा लागला तेव्हा लोकांनी गरजेचे आणि बिनगरजेचे उपचार जवळपास सारख्याच प्रमाणात कमी केले. केनियात शाळेतल्या मुलांच्या जंताच्या गोळ्यांना अगदी किरकोळ शुल्क लावलं, तर गोळी घेणारी मुलं सुमारे पाऊण हिश्शावरून पाचव्या हिश्शाच्याही खाली आली. आपला आजार किरकोळ आहे की नाही हे रुग्णाला आधी कळलं असतं तर डॉक्टरची गरजच काय होती? साधा खोकला म्हणून आलेल्या बाईच्या थुंकीत क्षयाचे जंतू निघालेले मी पाहिलेत. ती आली म्हणून निघाले.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे. तुम्ही विचारताय की मोफत करूनही विषमता का राहिली. मी तो प्रश्न असा विचारेन: फी काढली तेव्हा कुणाच्या वाटेतला अडथळा निघाला? ज्याच्या वाटेत फी हाच शेवटचा अडथळा होता, त्याच्या. बाजारगावातल्या बाईचं घर केंद्रापासून दहा मिनिटांवर. ती आधी दहा रुपयांचा विचार करायची, आता करत नाही, ती आली. पाड्यावरच्या माणसाच्या वाटेत दहा अडथळे होते आणि फी हा त्यातला सगळ्यात छोटा. एक निघाला, नऊ राहिले. म्हणून निर्णय चांगला असूनही पहिल्या वर्षी दरी रुंदावल्यासारखी दिसते. जवळच्यांची संख्या वाढते, लांबच्यांची जागच्या जागी राहते.

आणखी एक गोष्ट लोक विसरतात. दारिद्र्यरेषेखालच्या कार्डधारकांना माफी आधीही होती. म्हणजे कागदावर सगळ्यात गरीब माणूस २०२३ पूर्वीही पैसे देत नव्हता. फक्त त्याला कार्ड दाखवावं लागे. कार्ड पावसात भिजलेलं, भावाच्या नावावर असलेलं किंवा मुळात निघालेलंच नसे. खिडकीवर पाच माणसांसमोर ‘कार्ड कुठाय?’ हा प्रश्न ऐकून निमूट मागे वळलेला माणूस मी पाहिलाय. नव्या निर्णयाची सगळ्यात मोठी कमाई माझ्या मते हीच, की आपण गरीब आहोत हे आता कुणाला सिद्ध करावं लागत नाही. ही कमाई दहा रुपयांपेक्षा फार मोठी आहे आणि ती घालवू नये.

आता ‘फुकट’ भेटीचा हिशेब सांगतो. २०२४ मध्ये एका पाड्यावरून एक बाप बारा वर्षांच्या मुलाला घेऊन यायचा. मुलाला सिकलसेल, म्हणजे रक्ताचा आनुवंशिक आजार. या आजाराच्या रुग्णाला हायड्रॉक्सियुरिया आणि फॉलिक अॅसिडच्या गोळ्या सलग घ्याव्या लागतात आणि अधूनमधून रक्त तपासावं लागतं. खंड पडला की हाडं-सांधे असे ठणकतात की पोर रात्रभर किंचाळतं. हा बाप दोन महिने आला नाही, तिसऱ्या महिन्यात मुलाला झोळीत घालूनच आणला. मी चिडलो, म्हणालो, ‘सगळं फुकट आहे, तरी येत नाहीस?’ तो शांतपणे बोटं मोजू लागला. पाड्यावरून रस्त्यापर्यंत दोन तास चालत. तिथून जीप, माणशी पन्नास रुपये, पोराचेही पूर्ण घेतात, म्हणजे दोघांचे जाऊन-येऊन दोनशे. त्या दिवसाची मजुरी बुडाली. रोजगार हमीचा दर त्या वर्षी २९७ रुपये होता, तोच धरला. चहा आणि पोराला भजी, चाळीस. झाले ५३७ रुपये. हे महिन्यातून एकदा. शिवाय जीप पोचेपर्यंत सकाळची ओपीडी आटोपलेली, मग संध्याकाळपर्यंत थांबायचं आणि परतीची जीप चुकली तर कुणाच्या तरी ओट्यावर झोपायचं. सरकारनं त्याचे दहा रुपये वाचवले होते. त्या दिवसानंतर ‘मोफत’ हा शब्द मी जपून वापरू लागलो.

तेव्हा पहिला अडथळा अंतराचा. नियमानं सपाटीवर ३० हजार आणि डोंगराळ-आदिवासी भागात २० हजार लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र. उपकेंद्र अनुक्रमे ५ हजारांना आणि ३ हजारांना. कागदावर डोंगराला झुकतं माप आहे. पण सपाटीवरचे ३० हजार लोक सायकल जाईल एवढ्या परिघात राहतात आणि सातपुड्यात २० हजार लोक आठ-दहा डोंगरधारांवर विखुरलेले असतात. लोकसंख्येचा आकडा तास मोजत नाही. १०८ ची गाडी २०१४ पासून आली आणि तिनं खरोखर जीव वाचवलेत, पण ती रस्ता संपतो तिथं थांबते. त्यापुढे बांबूची झोळी आणि चार खांदे. नर्मदाकाठच्या गावांसाठी तर तरंगता दवाखाना चालवावा लागला, तेव्हा कुठं नर्स तिथवर पोचली.

दुसरा अडथळा वेळेचा, आणि यात डॉक्टर म्हणून माझी चूक होती. ओपीडीची वेळ आम्ही आमच्या सोयीनं पाळत होतो. पहिली जीप बाराला पोचते हे मला तिसऱ्या वर्षी कळलं, तेही ड्रायव्हरकडून. केसपेपरची खिडकी साडेबाराला बंद व्हायची. बाजारगावचे लोक नवाला यायचे, सिस्टरना नावानं हाक मारायचे, दहाला घरी. लांबून आलेला माणूस रांगेत शेवटचा, त्याला मराठी बेताची येते, आम्हाला पावरी येत नाही, आणि तोवर आम्ही थकलेले. त्याच्या वाट्याला दोन मिनिटं आणि पॅरासिटामॉल. रांग एकच असली तरी सगळ्यांना सारखं मिळत नाही, हे मला तिथं उमगलं.

तिसरा अडथळा औषधांचा. याबाबत युगांडाचं उदाहरण मी नेहमी देतो. त्या देशानं मार्च २००१ मध्ये सरकारी दवाखान्यांतली फी काढली. येणारे वाढले आणि गरिबांमध्ये विशेष वाढले. पण घर खचवणारा आजारपणाचा खर्च गरिबांच्या घरात कमी झाला नाही. गर्दी वाढली, औषधं संपू लागली, लोक चिठ्ठी घेऊन दुकानात गेले, हे त्याचं मुख्य कारण सांगितलं गेलं. आपल्याकडेही हा धोका अगदी खरा आहे. फी जमा होत होती तेव्हा ती रक्कम छोटी असली तरी रुग्ण कल्याण समितीच्या, म्हणजे केंद्राचा कारभार पाहणाऱ्या समितीच्या, हाताशी असायची. जनरेटरचं डिझेल, चार दिवसांपुरती गोळ्यांची स्थानिक खरेदी त्यातून भागायची. फी गेली, रुग्ण वाढले आणि औषधांची मागणी मात्र मागच्या वर्षीच्या खपावर नोंदवली, तर तुटवडा ठरलेलाच. तुटवड्यात बाजारगावचा माणूस परवा पुन्हा येतो, पाड्यावरचा पुन्हा येत नाही. ‘आज गोळ्या नाहीत, सोमवारी या’ हे वाक्य एकाला गैरसोयीचं असतं आणि दुसऱ्याला ५३७ रुपयांचं.

चौथी गोष्ट पुढे पाठवलेल्या रुग्णाची. २०२३ चा निर्णय सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांचा होता: प्राथमिक केंद्र, ग्रामीण, उपजिल्हा, जिल्हा रुग्णालय. वैद्यकीय शिक्षण विभागाची, म्हणजे मेडिकल कॉलेजची रुग्णालयं त्यात नव्हती. आपण रुग्णाला ‘वर’ पाठवतो तेव्हा तो नेमका या सीमेवर अडकू शकतो. तेव्हा तुमचं सिव्हिल कुठल्या विभागाच्या ताब्यात आहे, तिथं आज कशाकशाचे पैसे घेतात, हे प्रत्यक्ष विचारून घ्या आणि पाड्यावर खरं तेच सांगा. ‘सगळं फुकट’ सांगून पाठवलेल्या माणसाकडे तिथं पैसे मागितले, तर तो पुढच्या वेळी तुमच्याही केंद्रात येत नाही, आणि दहा जणांना सांगतो. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेचा आधार शस्त्रक्रियांना, मोठ्या उपचारांना आहे, पण तिलाही कागद लागतात. रेशनकार्ड, आधार आणि नावांचा मेळ आजारपणाआधी घालून ठेवणं हे पंचायतीचं काम आहे, रुग्णालयाच्या दारात उभ्या असलेल्या नातेवाइकाचं नव्हे.

वेल्समधल्या खाणकामगारांच्या गावातले डॉक्टर ज्युलियन ट्युडर हार्ट यांनी १९७१ मध्ये एक नियम मांडला होता: चांगली वैद्यकीय सेवा ज्यांना सगळ्यात जास्त हवी, त्यांना ती सगळ्यात कमी मिळते. ते मोफत सेवेच्याच व्यवस्थेत काम करत होते, ब्रिटनमध्ये, जिथं १९४८ पासून दवाखाने मोफत होते. तिथंही हे लिहावं लागलं, यावरून तुमच्या पाड्याचा प्रश्न किती जुना आहे ते लक्षात येईल.

मग करायचं काय? परिस्थितीप्रमाणे उत्तर बदलतं, ते आधी कबूल करतो. तुमचे पाडे वर्षभर तिथंच राहतात की दिवाळीनंतर घरं कुलूप लावून गुजरातला ऊसतोडीला, बांधकामाला जातात, यावर बरंच अवलंबून आहे. स्थलांतर मोठं असेल तर मी पुढे सांगतोय त्यातलं निम्मं ऑक्टोबरपूर्वीच उरकावं लागेल, आणि सोबत न्यायला औषध आणि आजाराची माहिती लिहिलेलं कार्ड द्यावं लागेल. केंद्रात डॉक्टरचीच जागा रिकामी असेल, तर आधी त्यासाठी भांडा.

पण एक काम सगळीकडे करता येतं आणि मी तिथूनच सुरुवात केली होती. ओपीडी रजिस्टर उघडा. त्यात रुग्णाच्या नावापुढे गाव असतं. आम्ही वर्षानुवर्षं महिन्याची एकूण बेरीज वर पाठवायचो; ती वाढली की बैठकीत कौतुक व्हायचं, माझंही झालं. एका पावसाळ्यात आरोग्यसेवकाला सोबत घेऊन तीन महिन्यांचं रजिस्टर पाड्यानुसार मोजलं. कागदावर डाव्या बाजूला सगळ्या पाड्यांची नावं, पुढे उभ्या रेघा. बाजारगावापुढे रेघांना जागा पुरेना. आणि सात पाडे असे निघाले की ज्यांच्यापुढे एकही रेघ नव्हती. तिथं तीन महिने कुणी आजारी पडलं नव्हतं, असं कसं होईल? आशा ताईंच्या वह्यांत त्याच पाड्यांवरचे ताप, जुलाब आणि एक बाळाचा मृत्यूही होता. आमच्या कौतुकाच्या आकड्यात तो कुठंच दिसत नव्हता. त्या कागदानं माझी कामाची पद्धत बदलली.

तुम्हीही हे करू शकता. रुग्णाचं नाव, आजार यांना हात न लावता फक्त पाड्यानुसार संख्या मागा. ती द्यायला वैद्यकीय अधिकाऱ्याला अडचण नसावी. रजिस्टरवर फक्त ग्रामपंचायतीचं नाव लिहीत असतील तर उद्यापासून पाड्याचं नाव लिहायला सांगा. नाहीतर बाजारगावचीच माणसं सगळ्या पंचायतीच्या नावावर मोजली जातात. मग ती संख्या लोकसंख्येशी ताडा. सहाशे वस्तीच्या पाड्यावरून महिन्याला दोन आणि दोन हजारांच्या गावातून दोनशे येत असतील, तर कुठं जायचं ते कळलं.

त्यानंतर आम्ही जे केलं त्यातलं काही जमलं, काही फसलं. आठवडी बाजाराच्या दिवशी ओपीडी सलग चालवली, दुपारची सुट्टी आळीपाळीनं घेतली. पाड्यावरचा माणूस बाजाराला येतोच, जीपचं भाडं त्याच खर्चात निघतं. याचा परिणाम सगळ्यात लवकर दिसला. लांबून आलेल्याच्या केसपेपरवर लाल शाईनं ‘लां’ लिहून त्याला आधी घ्यायचं ठरवलं, तेव्हा बाजारगावात कुरबुर झाली, एक पुढारी भांडायलाही आला. त्याला तो रेघांचा कागद दाखवला. तो बराच वेळ बघत राहिला आणि काही न बोलता गेला, पण नंतर विरोध केला नाही. दीर्घ आजाराच्या रुग्णांना, म्हणजे सिकलसेल, रक्तदाब, मधुमेह, फेफरं, तब्येत स्थिर असेल तर दोन महिन्यांच्या गोळ्या द्यायला लागलो आणि पुढच्या गोळ्या उपकेंद्रावर ठेवल्या. रक्ताचा नमुना लसीकरणाच्या दिवशी सिस्टरनी उपकेंद्रावरच घ्यायचा आणि त्याच गाडीनं खाली आणायचा. त्या मुलाच्या बापाची महिन्याची खेप अशी तीन महिन्यांवर आली.

फसलं ते पावसाळ्याचं. जुलै-ऑगस्टमध्ये फिरतं पथक वर पोचायचंच नाही, नाल्यापाशी गाडी थांबायची. यावर मला पूर्ण उत्तर सापडलं नाही. पावसाआधी आशा ताईंकडे ओआरएस, झिंक, तापाच्या गोळ्या आणि हिवतापाच्या तपासणीचे किट दुप्पट ठेवणं, आणि नवव्या महिन्यातल्या बायकांना आधीच खाली आणून ठेवणं, एवढंच जमलं. खाली आणायलाही घरात मागची पोरं, म्हातारी, गुरं कोण बघणार हा प्रश्न येतो. सासूला किंवा दाईला सोबत राहू दिलं, तिलाही जेवण दिलं, तेव्हा बायका येऊ लागल्या.

पंचायत म्हणून तुमच्या हातात काय आहे, तेही सांगतो. गावची आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती तुमच्याकडे असते आणि तिला वर्षाला १० हजार रुपयांचा अबंधित, म्हणजे स्थानिक गरजेप्रमाणे खर्च करता येणारा, निधी देण्याची तरतूद आहे. तो बहुतेक ठिकाणी फलक रंगवण्यात आणि पावडर फवारण्यात जातो. तो गरजू रुग्णाच्या गाडीभाड्याला वापरता येतो, तसा ठराव करा. जीपवाल्याशी आधीच दर ठरवून ठेवा, म्हणजे रात्री दोनला नडलेल्या माणसाकडून पाचशे-हजार उकळले जाणार नाहीत. प्रसूतीसाठी तर घरापासून दवाखान्यात न्यायची, पुढे पाठवायची आणि परत घरी सोडायची गाडी २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात मोफत आहे. परतीची गाडी लोक मागत नाहीत, म्हणून ती मिळत नाही. बाळंतीण तीन दिवसांच्या बाळाला घेऊन वडाच्या पारावर जीपची वाट बघत बसलेली दिसली, तर तिथूनच केंद्रात फोन लावा. कुपोषित मूल भरती केलं तर आईला बुडीत मजुरी देण्याची सोय आहे. ती रक्कम तिच्या हातात पडली का, याचा पाठपुरावा तुम्ही केला पाहिजे, कारण पुढच्या वेळी ती मूल भरती करू देईल की नाही हे त्यावर ठरतं.

रुग्ण कल्याण समितीच्या बैठकीत तीन प्रश्न लेखी विचारा. या तिमाहीत कोणत्या पाड्यावरून एकही रुग्ण आला नाही? कोणती औषधं किती दिवस शिल्लक नव्हती? किती जणांना बाहेरून औषध आणायची चिठ्ठी दिली? उत्तरं इतिवृत्तात नोंदवून घ्या. नंदुरबारसह पाच जिल्ह्यांत २००७ पासून आरोग्यसेवांवर लोकांनीच देखरेख ठेवण्याचं काम सुरू झालं होतं, जनसुनवाया होत होत्या. सुरुवातीला आम्हा डॉक्टरांना ते अंगावर आल्यासारखं वाटायचं. पण एका जनसुनवाईत पाड्यावरच्या बाईनं सगळ्यांसमोर सांगितलं की तिच्या उपकेंद्राला आठवड्यातले चार दिवस कुलूप असतं, आणि आम्ही कित्येक अर्ज करूनही न भरलेली सिस्टरची जागा दीड महिन्यात भरली गेली. तुमच्या तक्रारीनं डॉक्टरचेही हात बळकट होतात, हे तुमच्या वैद्यकीय अधिकाऱ्याला आधी चहाला बोलावून सांगा, म्हणजे तो कागद द्यायला कचरणार नाही.

हे सगळं एकदम हाती घेऊ नका. या महिन्यात फक्त मागच्या तीन महिन्यांची पाडावार मोजणी करा आणि ज्या पाड्यांपुढे रेघ नाही त्यातल्या एकावर स्वतः चालत जा, आशा ताईंना सोबत घेऊन, घड्याळ लावून. किती तास लागले, जीप कुठं मिळते, किती घेते, केंद्राच्या वेळेत ती पोचते का, एवढं टिपून आणा. तो पाडा नदीपलीकडचा असेल तर मृगाआधीच जाऊन या.